देगवाली खाला

शिकार घेऊन येणाऱ्या माणसाला देगवाली खाला आधी पाट द्यायची. चहा नाही, पाणी नाही, पाट. त्यावर बसायचं, गरम पाण्याचं घमेलं पुढ्यात ओढायचं आणि आपण मारलेल्या पाखराची पिसं आपल्याच हातानं उपटायची. मग तो कृषी केंद्राचा मालक असो नाही तर कोर्टातला वकील. एका वकिलानं एकदा आपल्या ड्रायव्हरला पाटावर बसवलं. खालाने ड्रायव्हरला उठवलं, खाटेवर बसवून चहा दिला आणि वकिलाला विचारलं, "बंदुकीचा घोडा यानं दाबला होता का?" वकील मुकाट्यानं पाटावर बसला आणि पांढऱ्या पँटीवर ओली पिसं चिकटवून घेत तासभर बसून राहिला.

"मारलं तं खाय. खायचं नसन तं मारू नको. अन् मारलं अन् खाल्लं, तं मधातलं कामही तूच कर," हे तिचं सरळ गणित होतं. मधलं काम दुसऱ्यावर ढकलणाऱ्यांचा तिला भयंकर राग यायचा.

राग तर तिला कशाचाही यायचा. अकोटात आमच्या आणि तिच्या अंगणामध्ये कमरेएवढी भिंत होती, त्यामुळे तो राग मी लहानपणापासून ऐकत आलो. तिचा नवरा लग्नांतला बावर्ची. तो गेल्यावर लोकांना वाटलं, ही आता त्याच्या देगा, म्हणजे पुलावाचे मोठाले हंडे, मोडीत घालेल. खालाने त्या घासून लख्ख केल्या आणि पहिल्याच लग्नात चारशे माणसांचा पुलाव स्वतः उतरवला. पुरुषांच्या धंद्यात बाई म्हणून लोक हसले, तेव्हा ती भर मांडवात म्हणाली होती, "देग इचारत नाई का ढवळणारा हात कोनाचा." ताटात टाकलेलं अन्न पाहिलं की ती नवरदेवाच्या बापालाही सोडत नसे. मला तर रोजच बोलायची. दाढी वाढली म्हणून, सायकल गंजली म्हणून, मी मास्तर होऊनही आईला वेळ देत नाही म्हणून. एकदा मी म्हटलं, "खाला, इतका राग बरा नाही." ती म्हणाली, "राग मिठासारका राहते मास्तर. बिलकुल नाई टाकला तं माणूस अळणी होते."

आमच्या भागात टर्की आली ती अकोल्याच्या एका माणसाच्या डोक्यातून. मोठ्या हॉटेलांत या पक्ष्याला मागणी असते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्यानं डोंगराकडच्या रस्त्यावर शेड बांधलं, पिल्लं आणून वाढवली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की अकोल्यात काय आणि अमरावतीत काय, टर्की कोणी खात नाही. एका उन्हाळ्यात त्यानं शेडचं दार उघडलं आणि तो निघून गेला. निम्मे पक्षी कुत्र्यांनी आणि कोल्ह्यांनी नेले. उरलेले नाल्याकाठच्या बाभळींवर चढून बसायला शिकले आणि दोन पावसाळ्यांत पार रानटी झाले. तूर उभी असली की तुरीत, ज्वारी असली की ज्वारीत. ते कोणाच्या मालकीचे नव्हते, त्यांना मारायला बंदीही नव्हती. गावातल्या बंदूकवाल्यांची चंगळ झाली. नर शेपूट पसरून उभा राहिला की लांबून मोरच वाटायचा. पुढे जे झालं त्याला हा सारखेपणाच कामी आला.

खाला त्याला विलायती कोंबडं म्हणायची. पहिलं तिनं गावरान कोंबड्यासारखंच शिजवलं. तीन तास चुलीवर राहूनही छातीचं मांस सुतळीसारखं निघालं आणि तंगडी कोणाच्या दातांना दाद देईना. ती भडकली, पण पाखरावर नाही. "चाळीस वर्सं आगीपाशी बसली मी, अन् एका कोंबड्यानं हरवलं मले." पुढचं पाखरू आलं तेव्हा तिनं ते फळीवर ठेवून अर्धा तास नुसतं दाबून, वाकवून पाहिलं. मग भिंतीवरून मला हाक मारली, "मास्तर, हे एक जनावर नाई. दोन हायेत. छाती येगळी, तंगडी येगळी. दोघाले एका देगेत टाकलं, हे माही चूक."

त्यानंतर तिनं जे केलं ते मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. तंगडीत काडीसारख्या टणक शिरा असतात. पंजाच्या वरच्या सांध्याशी चीर देऊन ती सायकलवाल्याकडच्या पकडीनं एकेक शीर ओढून काढायची. म्हणून तिची सगळ्या शिकाऱ्यांना सक्त ताकीद होती, की पंजे कापून आणू नका. मग त्या तंगड्या कवठाच्या गरात आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात माखून देगेत जायच्या, झाकण कणकेनं लिंपलं जायचं आणि कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या निखाऱ्यांवर देग सकाळपासून दुपारपर्यंत बसायची. छातीसाठी तिनं संत्री शोधली. आंबिया बहराची गळ झालेली कच्ची संत्री बागांमधून सडत पडलेली असतात, ती तिनं पोतंभर आणली. त्या कडवट आंबट रसात मीठ-लसूण घालून छाती मुरवायची, पातळ काप काढायचे, वरवंट्यानं ठेचायचे आणि जवस-मिरचीच्या भरडीत घोळवून तव्यावर टाकायचे. उरलेल्या मांसाचा खिमा पानग्यांत जायचा. कणकेत खिमा भरायचा, पळसाच्या दोन पानांत दाबायचा आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा. मान, पाठ आणि हाडं गहू-डाळीबरोबर घोटून खिचडा व्हायचा. पाखरातलं पिसांखेरीज काही वाया जात नसे. पिसंही शेजारची पोरं न्यायची.

आणि यातलं काहीच ती स्वतः खात नसे. गोळीनं मेलेलं पाखरू हलाल नसतं, म्हणून तिला चालायचं नाही. त्यासाठी देग वेगळी, डाव वेगळा. चव घ्यायचं काम माझ्याकडे होतं. "मास्तर, तोंड आण," असं म्हणून ती भिंतीवरून डाव पुढे करायची. मी काही बोलायच्या आधीच माझ्या चेहऱ्याकडे पाहून ठरवायची, मीठ हवं की आंबट. वर्षानुवर्षं मी त्या भिंतीशी उभा राहून फुकट खाल्लं. हे मुद्दाम सांगतो आहे.

आमच्या तालुक्यातल्या एका बड्या माणसाला सगळे भाऊ म्हणायचे. माझी शाळा ज्या संस्थेची, तिच्या कार्यकारिणीवर तो होता. माझी बायको त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत होती आणि तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. भाऊला खालाच्या हातची टर्की आवडायची, पण तो पाखरं माणसांबरोबर पाठवायचा. खालाने ती दोनदा परत केली. "पिसं काढाले भाऊले पाठवा." तिसऱ्यांदा तो स्वतः आला, हसत हसत पाटावर बसला, कोणाला तरी मोबाइलवर फोटो काढायला लावला आणि चार पिसं उपटून उठला. खाला म्हणाली, "अजून पाखरू बाकी हाय." तो परत बसला आणि पूर्ण पाखरू सोललं. पण उठताना पाट पायानं सरकवला, तेही मी पाहिलं.

त्या हिवाळ्यात, एका शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला त्याची दोन माणसं पोतं घेऊन आली; मी भिंतीच्या अलीकडे माझ्या अंगणात होतो. आत दोन पाखरं, सोललेली, मुंडकी नाहीत, पंजे नाहीत.

"टर्की हाये खाला. उद्या दुपारी तीस माणूस."

"पिसं कोनं काढले?"

"आमीच काढले. तुमाले तरास नको म्हणून."

ते गेले आणि दोनच मिनिटांत खालाने मला हाक मारली. मी भिंत ओलांडून गेलो. फळीवर एक पाखरू उपडं ठेवलेलं होतं.

"हे पाय. विलायती कोंबड्याचं मोठं पीस कुठून निघते? शेपटीच्या टोकातून. अन् हे?" तिनं बोट शेपटीच्या वर, पाठीवर फिरवलं. तिथं मोठाल्या पिसांची भोकं दाटीनं होती, अर्ध्या पाठीपर्यंत गेलेली. "अंग पाय कसं लांबट हाय. पंजे कावून कापले, समजलं? मी पंजा वळखला असता." मग तिनं पंखाखाली नख घालून एक बारीक पीस ओढून काढलं. निळंहिरवं. "मोर हाय, मास्तर."

मी म्हटलं, "खाला, जाऊ दे. परत देऊन टाक. तब्येत बरी नाही म्हणून सांग."

"परत देऊ? मंग ते दुसरीकडं शिजवतीन. अन् पुढच्या शनवारी आणखी दोन मारतीन, टर्की म्हणून. माह्या देगेच्या नावावर." रागावलेली ती होतीच. पण आवाज चढलेला नव्हता, आणि तसं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "तू फोन लाव जंगल खात्याले. तुले बोलता येते. आत्ता लाव."

फोन माझ्या हातातच होता. नंबर शोधायला एक मिनिट लागलं नसतं. मी म्हणालो, "आज शनिवार आहे, चार वाजून गेलेत. कोणी भेटायचं नाही. उद्या सकाळी लावतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "सकाळी पक्कं?"

"पक्कं."

तिनं दोन्ही पाखरं पोत्यात घालून पाण्याच्या टाकीजवळच्या गार जागी ठेवली आणि वर ओलं गोणपाट टाकलं. मी घरी आलो. बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आपलं नाव येईल का त्यात?" तिला दोष देत नाही. तोच प्रश्न माझ्या मनात चार वाजल्यापासून होता.

रविवारी आठ वाजता भाऊची माणसं मसाल्याचं सामान घेऊन आली. खाला दारात उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली, "भाऊले सांग, मोर मी शिजवत नाई. अन् परतही देत नाई. खात्याच्या माणसाच्या हाती देईन." मी तेव्हा आरशासमोर अर्धी दाढी करून उभा होतो. आता तरी फोन करायला हवा, हे मला कळत होतं. मी उरलेली दाढी केली. आंघोळ केली. साडेनऊला जंगल खात्याची जीप आली. तोवर मी फोन केलेला नव्हता. भाऊनं केला होता.

एका बाईच्या घरात मोराचं मांस आहे, अशी खबर त्यांना मिळाली होती आणि मांस तिच्या घरात होतंच. खाला त्यांना म्हणाली, "मीच बलावणार होती तुमाले. मास्तरले इचारा." साहेबांनी भिंतीकडे पाहून मला विचारलं, "तुम्हाला कधी म्हणाल्या?" काल दुपारी, मी म्हणालो. "मग कळवलं का नाही?" मी भिंतीवरचा हात काढून घेतला. "मांस कोणी आणलं?" गल्लीत पन्नास माणसं उभी होती, त्यात भाऊची दोन्ही माणसं होती. मी म्हणालो, "लेखी देतो, साहेब."

खाला अकरा दिवस तुरुंगात होती. सत्तरीला टेकलेली बाई. पेपरात तिचं पूर्ण नाव आलं, वय आलं, मोहल्ला आला, राष्ट्रीय पक्ष्याचं मांस असा मथळा आला. मोर मारला कोणी, हा प्रश्न त्या बातमीत कुठेच नव्हता, जणू तो उडत येऊन तिच्या टाकीजवळ सोलून पडला होता. एक टोळकं गल्लीत येऊन घोषणा देऊन गेलं. त्यातल्या दोघांच्या घरच्या लग्नांत खालाने अन्न शिजवलेलं होतं. पांढऱ्या पँटीच्या वकिलाकडे मी गेलो, तर त्यानं वकीलपत्र घ्यायला नकार दिला. "भाऊंशी आपले संबंध आहेत, सर. तुमचेही आहेत," तो म्हणाला. ज्यांनी तिच्या अंगणात बसून बोटं चाटली, त्यांतला एकही पुढे आला नाही. मला आजही ती सगळी तोंडं आठवतात. चावणारी, रस्सा ओढणारी तोंडं. त्यांना बोलण्यापुरतं उघडता आलं नाही.

मी लेखी दिलं. तीन वेळा लिहून फाडलं आणि चौथ्यांदा दिलं. जामिनासाठी तिला कोर्टात आणलं, तेव्हा त्याची नक्कल माझ्या खिशात होती. व्हरांड्यातल्या बाकावर ती बसली होती, शेजारी पोलीसबाई. खालाला उर्दू वाचता यायची, मराठी नाही. ती म्हणाली, "वाचून दाखव, काय लिवलं ते." मी वाचलं. सदर महिला माझ्या परिचयाच्या असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. दिनांक अमुक रोजी दुपारी चारच्या सुमारास काही अज्ञात इसमांनी सदर मांस त्यांच्या घरी आणून ठेवले.

तिनं हात वर करून मला थांबवलं.

"अज्ञात म्हंजे?"

"म्हणजे... ओळखीचे नसलेले."

"भाऊ तुह्या वळखीचा नाई?"

मी कागदाची घडी घातली. पोलीसबाई दुसरीकडे पाहायला लागली. खाला म्हणाली, "बरं. ठेव खिशात." आणि पदर सारखा करून समोर पाहत बसली. मला वाटलं आता ती चिडेल, भर कोर्टात माझी अब्रू काढेल. मी त्याच्या तयारीत होतो. ती चिडली नाही.

पुढं खटला पाच वर्षं चालला. तारखेवर तारीख. मांसाचा नमुना वेळेत पोचला नाही म्हणून तपासणीत काही निघालं नाही आणि शेवटी पुराव्याअभावी ती सुटली. तोवर लग्नांची कामं बंद झाली होती. हिंदूंनी बोलावणं सोडलं ते भाऊच्या भीतीनं, आणि तिच्याच मोहल्ल्यातले लोक म्हणाले, नको बाई, आपल्याला लफडं नको. देगा तिनं एका तरुण बावर्च्याला दिल्या आणि ती अमरावतीला मुलीकडे राहायला गेली. जाताना आमच्या घरी आली होती. मी शाळेत होतो. मुद्दाम नव्हे, पण सुट्टी काढता आली असती.

दोन वर्षांनी मी अमरावतीला तिच्याकडे गेलो. तिची मुलगी शबाना शिवणकाम करते, तिनं दार उघडलं. खाला पलंगावर बसून मेथी निवडत होती. मला पाहिलं आणि म्हणाली, "या मास्तर. बसा."

उभ्या आयुष्यात तिनं मला अहो-जाहो केलं नव्हतं. मी बसलो. तिनं माझ्या बायकोची चौकशी केली. "नोकरी कायम झाली का त्यायची?" झाली, मी म्हणालो. "चांगलं झालं." यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. माझी दाढी वाढलेली होती, सदरा चुरगळलेला होता, आणि त्यावर ती एक शब्द बोलली नाही. चहा आला, बिस्किटं आली. मी म्हणालो, "खाला, मी त्या दिवशी..." ती म्हणाली, "चहा घ्या, थंडा होऊन राहिला." निघताना दारापर्यंत आली. "येत जा," म्हणाली, जसं आपण विमा एजंटाला म्हणतो.

मी परत गेलो नाही. गेल्या उन्हाळ्यात ती वारली. मला चौथ्या दिवशी कळलं, तेही बाजारात, तिसऱ्याच माणसाकडून.

गेल्या महिन्यात संस्थेचा कार्यक्रम होता. निवृत्त झालेल्या शिक्षकांचा सत्कार, त्यात मीही होतो, नंतर जेवण. भाऊ आता कार्यकारिणीचा अध्यक्ष आहे. पंगतीत कोणीतरी शिकारीच्या जुन्या गोष्टी काढल्या. डोंगराकडच्या टर्क्या आता संपल्या, असं कोणी म्हणालं. भाऊ जेवता जेवता सहज बोलला, "संपतीन नाई तं काय. आमच्याकडे एक बाई होती, ते तं मोरही शिजवे. पकडली गेली बिचारी." पंचवीस-तीस माणसं हसली.

माझ्या हातातला घास मी ताटात ठेवला. "मोर तिनं मारला नव्हता," मी म्हणालो. आवाज चिरकला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "शिजवलाही नव्हता. मोर तुम्ही पाठवला होता, भाऊ. तुमची माणसं पोतं घेऊन आली तेव्हा मी तिथं होतो. मी स्वतः पाहिला."

पंगत थांबली. वाढपी वाकलेला तसाच राहिला. भाऊनं माझ्याकडे पाहिलं, अगदी शांतपणे, आणि हसला.

"सर," तो म्हणाला, "पेन्शन सुरू झाली वाटते तुमची."